पहिला संगणक जुळवताना : ड्राइव्हवर खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

प्रश्न : स. न. वि. वि. मी पुण्यात धनकवडीला राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. सुटे भाग आणून माझा पहिला संगणक स्वतः जुळवायचे ठरवले आहे. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम इथपर्यंत निवड झाली. अडले आहे ते ड्राइव्हपाशी. तीन दुकानांत तीन सल्ले मिळाले. पहिला म्हणतो, २५६ जीबीची साटा एसएसडी आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क घ्या. दुसऱ्याने १ टीबीची 'जेन ४' एनव्हीएमई सुचवली. तिच्या खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी असा वेग छापला आहे, पण त्या कंपनीचे नाव मी कधी ऐकलेले नाही. तिसरा ओळखीच्या कंपनीची ५०० जीबीची साधी एनव्हीएमई देतो आणि तिघांत तीच सर्वांत स्वस्त पडते. मित्राचे म्हणणे असे की, जुन्या बाजारात सीसीटीव्हीतून निघालेल्या हार्ड डिस्क खूप कमी पैशांत मिळतात. प्रोग्रामिंग, प्रोजेक्टची कामे आणि थोडे गेम एवढाच माझा वापर असेल. शिवाय घरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये २०१२ पासूनचे सुमारे २५० जीबी फोटो आणि व्हिडिओ आहेत. त्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून नव्या संगणकात लावली तर चालेल का?
— एक विद्यार्थी वाचक, धनकवडी

उत्तर : तुम्ही तिसऱ्या दुकानदाराची ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी, घ्यावी आणि तिथे जे पैसे वाचतील त्यांत थोडी भर घालून यूएसबीने जोडायची १ टीबीची एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रातील शेवटची ओळ वाचल्यानंतर हे मत अधिकच पक्के झाले. प्रोसेसर जळाला किंवा रॅम निकामी झाली, तर नवा भाग आणून संगणक पुन्हा सुरू करता येतो. ड्राइव्ह बंद पडली तर नवी ड्राइव्ह मिळते, पण तिच्यातले २०१२ सालचे फोटो कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून पहिल्या संगणकाच्या मर्यादित खर्चात ड्राइव्हचा विचार करताना वेगाच्या आकड्यांपेक्षा, आपल्या फायली किमान दोन ठिकाणी राहतील की नाही, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

आता एकेका सल्ल्याकडे वळू. पहिल्या दुकानदाराने ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह, सुचवली, हे योग्यच केले. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारे टोक पुढे-मागे सरकते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी असलेली जागा टोकाखाली येण्याची वाट पाहण्यातच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, आणि टोक त्या पट्ट्यापर्यंत सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. एकच मोठा व्हिडिओ सलग वाचताना हे जाणवत नाही. विंडोज सुरू होताना मात्र इतस्ततः विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, आणि अशा वाचनाच्या फेऱ्या हार्ड डिस्कला सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास जमतात. साटा या जुन्या, केबलीने जोडायच्या पद्धतीची साधी एसएसडीदेखील तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते, कारण तिच्यात काहीच हलत नाही. त्यामुळे आजच्या काळात विंडोज हार्ड डिस्कवर टाकू नये, याबद्दल मला यत्किंचितही शंका नाही.

माझा आक्षेप २५६ जीबी या आकाराला आहे. कंपन्या दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने दाखवते, त्यामुळे २५६ जीबीची ड्राइव्ह संगणकावर सुमारे २३८ जीबी दिसते. त्यातून विंडोज, तिचे अपडेट आणि प्रोग्रामिंगची साधने वजा केली, आणि एसएसडी मंदावू नये म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली, की हातात फारसे काही उरत नाही. आज मोठ्या गेमपैकी कित्येक एकटेच १०० जीबीहून अधिक जागा घेतात. वर्षभरात तुम्ही फायली इकडून तिकडे हलवत बसाल आणि शेवटी दुसरी एसएसडी घ्यालच.

याच सल्ल्यातली १ टीबीची अंतर्गत हार्ड डिस्क दिसते तितकी स्वस्तही नसते. मोटर, तबकडी, वाचणारे टोक, धातूची पेटी आणि सर्किट यांचा खर्च लहान आकाराच्या डिस्कलाही तेवढाच येतो. म्हणून १ टीबी आणि २ टीबी यांच्या किमतींत बहुधा थोडाच फरक असतो आणि हार्ड डिस्कचा खरा स्वस्तपणा ४ टीबीच्या पुढे दिसू लागतो. तुमच्याकडे एवढी सामग्री नाही. पुढे कधी अंतर्गत हार्ड डिस्क घेण्याची वेळ आलीच, तर ती सीएमआर (लेखनाचे पट्टे सुटे ठेवणाऱ्या) पद्धतीची आहे की एसएमआर, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. एसएमआरमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एका पट्ट्यात बदल करायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि दीर्घकाळ चालणारे लेखन फार मंदावते. हार्ड डिस्क बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपल्या काही मालिकांत ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हापासून ही माहिती जाहीर करण्याकडे कल वाढला आहे. फोटोंची प्रत एकदा लिहून बाजूला ठेवायची असेल, तर मात्र एसएमआर डिस्कही पुरेशी आहे.

दुसऱ्या दुकानदाराचा सल्ला तुमच्या संगणकासाठी निरुपयोगी आहे आणि हे त्याने तुम्हाला सांगायला हवे होते. सेकंदाला ७,००० एमबी हा वेग पीसीआयई या मदरबोर्डवरच्या जोडमार्गाच्या ४.० आवृत्तीच्या ('जेन ४') चार मार्गिकांवर मिळतो. तुमचा ५६००जी प्रोसेसर पीसीआयई ३.० पर्यंतच जातो आणि ए५२० मदरबोर्डही तेवढेच देतो. त्यामुळे ती ड्राइव्ह तुमच्याकडे बिनतक्रार चालेल, परंतु सेकंदाला साधारण ३,५०० एमबीच्या पुढे जाणार नाही. शिवाय ३,५०० एमबीचा वेगदेखील रोजच्या कामात क्वचितच जाणवतो. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलेल्या माणसाला संगणक बदलल्यासारखे वाटते. साटाच्या ५५० एमबीवरून एनव्हीएमईच्या ३,५०० एमबीवर आल्यास विंडोज सुरू होताना आणि बहुतेक गेम उघडताना काही सेकंदांचाच फरक पडतो. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला तो वेग उपयोगी पडतो. तुमच्या कामाला नाही. मग साटा एसएसडीच का घेऊ नये, असे तुम्ही विचाराल. अवश्य घ्यावी, जर तेवढ्याच आकाराला ती ठळकपणे स्वस्त मिळत असेल. पण बहुतेक वेळा दोघींच्या किमती जवळपास सारख्याच असतात आणि एनव्हीएमईला वेगळ्या केबली लागत नाहीत.

तिसऱ्या दुकानदाराची ड्राइव्ह घेण्यापूर्वी काही गोष्टी नीट पाहा, कारण '५०० जीबी एनव्हीएमई' एवढ्या शब्दांखाली बाजारात अतिशय भिन्न दर्जाचा माल विकला जातो. सर्वप्रथम तिच्यातील चिप टीएलसी आहे की क्यूएलसी, हे विचारा. टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट साठतात, क्यूएलसीच्या पेशीत चार. क्यूएलसी त्यामुळे स्वस्त पडते, पण तिच्यावर लिहिणे संथ असते आणि ती लवकर झिजते. झिजण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त पसरली आहे. कंपनी वॉरंटीच्या काळात किती टेराबाइट लेखन गृहीत धरते, तो आकडा टीबीडब्ल्यू या नावाने दिलेला असतो. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला तो ३०० असू शकतो, म्हणजे पाच वर्षे रोज सुमारे १६४ जीबी. त्याच आकाराच्या एखाद्या क्यूएलसी ड्राइव्हला तो ११० असतो, म्हणजे रोज सुमारे ६० जीबी. तुमच्यासारख्या विद्यार्थ्याचे रोजचे लेखन याच्या आसपासही जाणार नाही. क्यूएलसीबद्दलची माझी खरी तक्रार वेगळी आहे : तिच्यातील काही जागा वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखी वापरली जाते, ती भरेपर्यंत सर्व काही झपाट्याने चालते आणि भरल्यानंतर काही ड्राइव्हचा लेखनवेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास कोसळतो. तुम्ही पहिल्याच दिवशी २५० जीबी फोटो तिच्यावर उतरवणार आहात, तेव्हा हा अनुभव तुम्हाला लगेच येऊ शकतो. किमतीतला फरक थोडा असेल तर टीएलसीच घ्या. दुकानदाराला हे सांगता येत नसेल तर मॉडेल क्रमांक लिहून आणा आणि कंपनीचे माहितीपत्रक घरी शांतपणे वाचा. तेथे टीबीडब्ल्यूचा आकडा छापलेला नसेल तर ती ड्राइव्ह सोडून द्या.

स्वस्त एसएसडींमध्ये स्वतःची डीरॅम (कामापुरती वेगवान स्मृती) नसते, हे ऐकून घाबरू नका. एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्या मुख्य रॅममधली थोडी जागा उसनी घेऊन ती उणीव बरीचशी भरून काढते आणि ही जागा काही डझन एमबींची असते, त्यामुळे तुमच्या १६ जीबी रॅमला ती जाणवणार नाही. साटा एसएसडीला ही सोय नाही; म्हणून डीरॅम नसलेली साटा एसएसडी आणि डीरॅम नसलेली एनव्हीएमई यांत निवड करायची वेळ आली, तर मी एनव्हीएमईच्या बाजूने कौल देईन. आणखी एक घोटाळा होऊ शकतो. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा त्याच २२८० पट्टीच्या रूपात साटा एसएसडीही येते. अशा पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, तर एनव्हीएमईला सहसा एकच. खाच पाहून अंदाज बांधण्यापेक्षा खोक्यावर 'एनव्हीएमई' हा शब्द लिहिलेला आहे ना, हे पाहणे अधिक भरवशाचे.

रुपयांतले दर मी येथे मुद्दाम देत नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपच्या किमती विदा-केंद्रांच्या (डेटा सेंटरच्या) मागणीमुळे वेगाने वर चढल्या आहेत आणि आज लिहिलेला आकडा तुम्ही दुकानात पोहोचेपर्यंत खोटा ठरू शकतो. त्याऐवजी प्रत्येक कोटेशनची किंमत जीबीने भागून पाहा. ओळखीच्या कंपनीची १ टीबीची टीएलसी ड्राइव्ह ५०० जीबीच्या सुमारे दीडपट किमतीत मिळत असेल, आणि ती घेऊनही बाह्य डिस्कपुरते पैसे उरत असतील, तर १ टीबीच घ्या. ए५२० च्या बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ चा एकच स्लॉट असतो, म्हणून तो एकदाच नीट भरलेला बरा. तेवढे पैसे उरत नसतील तर ५०० जीबीवर समाधान माना : संगणकावर ती सुमारे ४६५ जीबी दिसेल, फोटो आणि विंडोज ठेवूनही प्रोजेक्टपुरती आणि एखाद्-दुसऱ्या गेमपुरती जागा राहील, आणि पुढच्या वर्षी साटा पोर्टवर अडीच इंची एसएसडी जोडता येईल. बाह्य डिस्क रद्द करून १ टीबीची एनव्हीएमई मात्र घेऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता पुण्यातल्या जुन्या बाजाराबद्दल. रविवारी आणि बुधवारी तेथे कामाच्या कितीतरी वस्तू मिळतात, आणि सुट्या भागांची माहिती करून घ्यायला विद्यार्थ्याने तेथे जरूर फिरावे. पण सीसीटीव्हीतून निघालेल्या हार्ड डिस्कवर घरचे फोटो ठेवू नयेत. कॅमेऱ्याची डिस्क रात्रंदिवस लिहीत असते. एका वर्षात ८,७६० तास होतात, म्हणजे तीन वर्षे चाललेली डिस्क २६,००० तासांहून अधिक फिरलेली असते, आणि ती कोणत्या उष्णतेत, कोणत्या धुळीत फिरली याचा पत्ता लागत नाही. मित्राने आग्रह केलाच, तर तेथेच लॅपटॉपला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिचे चालू राहिल्याचे तास आणि बदललेल्या सेक्टरांची (खराब झाल्याने बाजूला टाकलेल्या लहान कप्प्यांची) संख्या पाहा; बदललेल्या किंवा बदलाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा आकडा शून्याहून अधिक असेल तर ती खाली ठेवा. बरी निघाली तरी पुन्हा डाउनलोड करता येतील असे गेम आणि सिनेमे यांच्यापलीकडे तिच्यावर काही ठेवू नका.

खरेदी कोठूनही करा, जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घ्या. एसएसडीला तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते आणि तिच्यासाठी हे बिल लागते; 'बिलाशिवाय थोडे कमी लावतो' या वाक्याला ड्राइव्हच्या बाबतीत तरी भुलू नका. तो अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे हे कळते, आणि ती आधीच सुरू होऊन बराच काळ गेलेला असेल तर ड्राइव्ह परत करायला तुमच्या हाती पुरावा राहतो. घरी आल्यावर विंडोज टाकण्याची घाई न करता आधी चालू तास आणि एकूण लेखन हे आकडे पाहा. नव्या ड्राइव्हमध्ये ते जवळजवळ शून्य असायला हवेत. अनोळखी कंपन्यांच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये छापील आकारापेक्षा प्रत्यक्ष जागा कमी असल्याचे प्रकार घडतात. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम संपूर्ण जागा भरून आणि पुन्हा वाचून ही फसवणूक उघडी पाडतो. बाह्य डिस्कवर ही तपासणी एकदा करावीच, मग तिला रात्रभर वेळ लागला तरी चालेल.

जोडणी अवघड नाही. मदरबोर्डच्या खोक्यातला एम.२ चा बारीक स्क्रू हरवू नका, पट्टी तिरकी धरून स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू हलक्या हाताने आवळा. विंडोज टाकताना फक्त हीच ड्राइव्ह जोडलेली ठेवा. दुसरी डिस्कही लावलेली असेल तर संगणक सुरू करणारा भाग कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो आणि पुढे ती काढताच विंडोज सुरू होईनाशी होते. वीज अचानक जाण्याचाही विचार करा. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी जाणारी वीज आपल्याला आधी ठाऊक असते, पण एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात ती न सांगता जाते, आणि लेखन चालू असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. एक लहान यूपीएस पुढील दोन-तीन महिन्यांत जमवा. त्यासाठी कॅबिनेटचे रंगीत पंखे कमी करावे लागले तरी हरकत नाही.

आता लॅपटॉपची जुनी डिस्क. ती अडीच इंची साटा असेल तर डेस्कटॉपच्या साटा डेटा आणि वीज या दोन केबलींना ती जोडता येते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर 'चालेल' असे आहे. परंतु इतक्या वर्षांची डिस्क काढणे, हलवणे आणि नव्या संगणकात बसवणे, हे सगळे फोटोंची दुसरी प्रत नसताना करू नका. सर्वांत आधी, नव्या संगणकाचा एकही भाग घरी येण्यापूर्वी, बाह्य डिस्क आणा आणि लॅपटॉप आहे तसाच चालू ठेवून फोटो तिच्यावर उतरवा. ज्या वर्षांचे फोटो घरच्यांना सर्वांत प्रिय आहेत ती वर्षे प्रथम घ्या, कारण जुनी डिस्क मध्येच थांबली तर निदान तेवढे वाचतील. नकल करताना टकटक असा आवाज येऊ लागला, किंवा एकेका फायलीवर ती बराच वेळ अडकू लागली, तर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. लॅपटॉपच सुरू होत नसेल, पण डिस्क शाबूत असेल, तर यूएसबीला साटा डिस्क जोडणारी केबल लागेल. अशी केबल तुम्हाला बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात शोधता येईल.

नवा संगणक तयार झाला की बाह्य डिस्कवरून फोटो एनव्हीएमईवर घ्या, वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो आणि व्हिडिओ दोन्ही ठिकाणी उघडून पाहा आणि मग बाह्य डिस्क काढून कपाटात ठेवा. ती कायम जोडून ठेवली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही प्रतींना एकदमच गाठू शकतो. दर महिन्याला ती जोडून नव्या फायली तिच्यावर टाका. निवडक फोटोंची तिसरी प्रत घराबाहेर असावी : गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, तिच्यात घरातले सर्वांत मोलाचे काही हजार फोटो सहज बसतील. हे सर्व पार पडल्यावर जुनी डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोने तपासा, आणि आकडे चांगले असतील तर ती फॉरमॅट करून नव्या संगणकात गेम ठेवण्यासाठी खुशाल लावा.